रेव्हरंड टिळकांचे हृदयांतर

पुण्याहून आळंदीस जाताना वाटेवर दिघी लागते. आज हे गाव पिंपरी-चिंचवड नगरीत सामावले असले, तरी आषाढवारीच्या दिवसांत ज्ञानोबारायांची पालखी ह्याच वाटेने पुण्यास येते आणि पुढे पंढरीस जाते. आळंदीच्या वरच्या अंगास, इंद्रायणीच्याच तीरी, तुकोबांचे देहू आहे. हा सारा भक्तिपंथाचा मुलूख. एका ख्रिस्ती भक्ताच्या चरित्राची वाटही ह्याच मुलखातून जाते, असे म्हटले तर कित्येकांस नवल वाटेल. परंतु रेव्हरंड नारायण वामन टिळक स्वतःच सांगत की, आपण ख्रिस्तचरणी पोहोचलो ते तुकोबांच्या सेतूवरून.

कोकणातील चित्पावन कुळात १८६१ साली जन्मलेले टिळक संस्कृताचे व्यासंगी, कवी आणि कडवे देशाभिमानी होते. ह्या देशास उन्नत करील असा धर्म कोणता, हा त्यांचा ध्यास. १८९३ साली राजनांदगावच्या प्रवासात आगगाडीत एका अनोळखी युरोपियन गृहस्थाने त्यांस नवा करार दिला. त्यातील डोंगरावरचे प्रवचन वाचून ते भारले गेले. शत्रूवर प्रीती करा, हा उपदेश त्यांच्या बुद्धीस पटला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईस त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथे धर्मांतराची गोष्ट संपते. हृदयांतराची मात्र येथून पुढे सुरू होते. ख्रिस्ती शास्त्रात ज्यास पश्चात्ताप म्हणतात, त्याच्या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ मन पालटणे असा आहे. झाल्या गोष्टीबद्दल हळहळणे एवढाच तो नव्हे. आणि मन काही एका दिवसात पालटत नाही.

ह्याची पहिली साक्ष टिळकांच्या घरातच मिळते. ज्या दिवशी पतीस देव जवळ आला असे वाटले, त्याच दिवशी पत्नीचा संसार मोडला. लक्ष्मीबाईंस ह्या बातमीने वेड लागण्याची पाळी आली. पदरी लहान मूल. नातलगांच्या आश्रयाने त्यांनी काही काळ पंढरपुरास काढला. पुढे त्या पतीकडे परतल्या, तरी आपले सोवळे त्यांनी सोडले नाही. टिळकांनीही बळजबरी केली नाही. स्वभावाने ते तापट. परंतु ह्या एका बाबतीत त्यांनी वाट पाहिली. तापट मनुष्याने धीर धरणे, हा माझ्या मते बाप्तिस्म्याहून लहान संस्कार नव्हे.

पुढे लक्ष्मीबाईंच्या मनाने एका विचाराशी ठाव घेतला: देवाने निर्माण केली ती माणसे, जाती माणसांनी केल्या. हा विचार पटताच कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास त्या सिद्ध झाल्या, आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पाण्याचा संस्कार मागून आला. भेदाची भिंत आधी पडली. ‘स्मृतिचित्रे’ ह्या आत्मचरित्रात त्यांनी हे सारे विनोदाने आणि विलक्षण सरळपणे सांगितले आहे. पतीचे दोषही झाकले नाहीत आणि आपलेही. साधुचरित्रांत असा सरळपणा विरळा.

टिळकांच्या मनाचा पालटही चालूच होता. नगरास अमेरिकन मराठी मिशनात त्यांनी अध्यापन केले, १९०४ साली त्यांस पाळकाची दीक्षा मिळाली, आणि १९१२ पासून ‘ज्ञानोदया’च्या मराठी विभागाचे संपादन त्यांजकडे आले. परदेशी चालींवर बेतलेल्या उपासनेत त्यांनी अभंग, भजन आणि कीर्तन आणले. बालकवी ठोमरे त्यांच्या घरी पुत्रवत् राहिले, आणि त्यांस धर्म बदलावा लागला नाही. तरीही मिशनचा पगार घेणारा उपदेशक आणि लोक ह्यांच्यात अंतर राहतेच, हे शल्य टिळकांच्या मनात होते. म्हणून १९१७ साली त्यांनी मिशनची चाकरी सोडली, संन्यस्त वृत्ती पत्करली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत, असा त्यांचा हेतू होता.

श्रोतेहो, बाप्तिस्मा आणि हा दरबार ह्यांच्यामध्ये २२ वर्षांचे अंतर आहे. प्रथम जातीचा अभिमान गेला, मग मताचा आग्रह मऊ झाला, शेवटी पोटाची तजवीजही सुटली. देवाजवळ जाणे म्हणजे काय, ह्याचे उत्तर मला ह्या क्रमात दिसते. देव दूर नसतो. आपण मध्ये जे रचून ठेवलेले असते, ते एकेक करून काढावे लागते. आणि जे काढताना दुखत नाही, ते बहुधा आपण काढलेलेच नसते.

९ मे १९१९ रोजी मुंबईस टिळक निवर्तले. दरबाराची घडी पुरती बसली नव्हती. ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे होते. ते तडीस नेले लक्ष्मीबाईंनी. बाप्तिस्म्याच्या वार्तेने जिचे विश्व कोसळले होते, तिच्याच लेखणीने ते ख्रिस्तचरित्र पुरे व्हावे, ह्याहून हृदयांतराची मोठी साक्ष कोणती असू शकेल?