चार सह्यांचे पत्र आणि खोडदची दुर्बीण : गोविंद स्वरूप यांची गोष्ट

संगमनेरहून पुण्याकडे निघाले की घारगाव, बोटा मागे पडते आणि आळेफाट्याच्या अलीकडे नगर जिल्हा संपतो. पुढे जुन्नर तालुका. इतिहासाच्या अभ्यासकाला ही सीमा तशी नवीच. १४९० मध्ये मलिक अहमदने निजामशाहीची स्थापना केली तेव्हा त्याची पहिली गादी जुन्नरला होती. अहमदनगर शहर वसले त्यानंतर, १४९४ मध्ये. याच जुन्नर तालुक्यात नारायणगावाजवळ खोडद नावाचे गाव आहे आणि त्या गावाच्या शिवारात ४५ मीटर व्यासाच्या अजस्र तबकड्या आभाळाकडे तोंड करून उभ्या आहेत.

त्या तेथे कशा आल्या, याचे उत्तर एका पत्रात आहे. पत्रावर चार मित्रांच्या सह्या होत्या. त्यांपैकी एकाने त्या पत्रातला शब्द आयुष्यभर पाळला. त्याचे नाव गोविंद स्वरूप.

प्रारंभ मात्र नगरच्या किल्ल्यापासून करणे योग्य ठरेल. ऑगस्ट १९४२ मध्ये काँग्रेस कार्यकारिणीच्या नेत्यांना अहमदनगरच्या भुईकोट किल्ल्यात स्थानबद्ध करण्यात आले. जवाहरलाल नेहरू आणि सरदार पटेल दोघेही त्यांत होते. नेहरूंनी १९४४ मध्ये तेथेच ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ लिहिले आणि वैज्ञानिक दृष्टी ही देशाची गरज असल्याचे त्यात आग्रहाने मांडले. पुढे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेची पायाभरणी जानेवारी १९४७ मध्ये नेहरूंच्या हस्ते झाली आणि जानेवारी १९५० मध्ये तिचे उद्घाटन पटेलांनी केले. किल्ल्यातल्या एका कैद्याने कोनशिला बसवली, दुसऱ्याने दार उघडले. त्याच वर्षी अलाहाबाद विद्यापीठातून एम.एस्सी. झालेला एकवीस वर्षांचा एक तरुण त्या दारातून आत गेला.

गोविंद स्वरूप यांचा जन्म २३ मार्च १९२९ रोजी उत्तर प्रदेशातल्या मुरादाबाद जिल्ह्यातील ठाकुरद्वारा या गावी झाला. प्रयोगशाळेचे संचालक होते के. एस. कृष्णन, म्हणजे रामन परिणामाच्या शोधात सी. व्ही. रामन यांच्यासोबत काम केलेले कृष्णन. १९५२ मध्ये ते एका परिषदेसाठी सिडनीला गेले. तेथे त्यांनी एक नवे शास्त्र पाहिले. दुसऱ्या महायुद्धात रडारवर काम केलेले अभियंते आता तीच यंत्रे आकाशाकडे वळवून सूर्याचा, आकाशगंगेचा रेडिओ ‘आवाज’ टिपत होते. कृष्णन परतले ते हे शास्त्र भारतात रुजवायचे ठरवूनच. १९५३ मध्ये स्वरूप आणि आर. पार्थसारथी हे दोन तरुण कोलंबो योजनेच्या शिष्यवृत्तीवर सिडनीला रवाना झाले.

सिडनीतल्या गटाचे प्रमुख होते जोसेफ पॉसी. स्वभावाने मृदू, तरुणांना चुका करू देणारा माणूस. त्यांच्या गटातील क्रिस्टियान्सन यांनी पॉट्स हिल येथील जलाशयाच्या काठावर ३२ लहान तबकड्यांची रांग उभारली होती. प्रत्येकीचा व्यास सहा फूट. या रांगेने सूर्याचे रेडिओ चित्र मिळे. पण संगणक हाताशी नसल्यामुळे ते चित्र अक्षरशः हातच्या गणिताने घडवावे लागे. स्वरूप यांनी हे कष्ट जवळून पाहिले. पुढे त्यांनी आणि पार्थसारथींनी ती रांग वेगळ्या तरंगलांबीसाठी बदलून घेतली.

क्रिस्टियान्सन यांना त्यानंतर मोठे यंत्र बांधायचे होते. जुन्या ३२ तबकड्या भंगारात निघणार होत्या. स्वरूप यांनी त्या भारतासाठी मागितल्या आणि पॉसी यांनी हो म्हटले.

येथे अडचण आली ती विज्ञानाची नव्हे, वाहतूकखर्चाची. तबकड्या फुकट होत्या, पण त्या जहाजाने आणायला परकीय चलन लागणार होते आणि ते नव्हते. १९५५ मध्ये स्वरूप दिल्लीला परतले, तबकड्यांची वाट पाहिली आणि वर्षभराने अमेरिकेला गेले. आधी टेक्सासमधील हार्वर्डच्या केंद्रात, मग स्टॅनफर्डमध्ये. रॉनल्ड ब्रेसवेल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली आणि १९६१ च्या आरंभी ते तेथेच अध्यापक झाले. तबकड्या दरम्यान भारतात पोहोचल्या होत्या आणि दिल्लीत पडून होत्या. ज्याने त्या मागितल्या तो माणूस कॅलिफोर्नियात स्थिरावू लागला होता. गोष्ट येथेच संपली असती तर कोणी दोष दिला नसता. त्या पिढीतल्या कितीतरी हुशार भारतीयांची गोष्ट तेथेच संपली.

ऑगस्ट १९६१. बर्कले येथे आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाचे अधिवेशन भरले होते. तेथे चार भारतीय एकत्र आले : गोविंद स्वरूप, टी. के. मेनन, मुकुल कुंडू आणि टी. कृष्णन. एक हार्वर्डमध्ये शिकलेला, एक पॅरिसमध्ये, एक ऑस्ट्रेलियात काम करणारा. भारतात कोणा एकालाच नोकरी मिळाली तर त्याला तेथे एकटे पडावे लागेल, हे चौघांनाही ठाऊक होते. म्हणून त्यांनी वेगळाच प्रस्ताव मांडला : आम्ही चौघे एकत्र येऊ, आम्हाला गट म्हणून घ्या. हे पत्र त्यांनी भारतातल्या पाच संस्थांना पाठवले.

सरकारी कामकाजाचा वेग पाहता अशा पत्राचे काय होते, हे सांगायला नको. मात्र एक पत्र होमी भाभांच्या टेबलावर गेले होते. भाभांनी ऊर्ट, बोक, पॉसी अशा जगातील नामवंतांचे अभिप्राय पाहिले, आणि २० जानेवारी १९६२ रोजी तार केली : रेडिओ खगोलशास्त्राचा गट स्थापण्याचे ठरले आहे, सविस्तर पत्र मागाहून.

१९६३ च्या वसंतात स्वरूप मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रुजू झाले. पॉसी तोवर या जगात नव्हते. चौघांच्या कराराचे पुढे काय झाले? कृष्णन आले नाहीत. कुंडू आणि मेनन निरनिराळ्या वेळी आले, काही वर्षे राहिले आणि परतले. त्यांना दोष देण्याचे कारण नाही. प्रत्येकाचा संसार, प्रत्येकाचे काम. पण एक गोष्ट नमूद करायला हवी : चौघांच्या सह्यांशिवाय भाभांना ‘गट’ दिसला नसता. जे आले नाहीत, त्यांच्या सहीनेही काम केलेच.

ठरलेले सोबती येईपर्यंत स्वरूप थांबले नाहीत. अणुऊर्जा प्रशिक्षण शाळेतून नुकतेच बाहेर पडलेले विजय कपाही आणि जे. डी. इस्लूर, दिल्लीहून आलेले एन. व्ही. जी. शर्मा आणि मो. ना. जोशी अशा तरुणांना त्यांनी हाताशी धरले. दिल्लीतल्या तबकड्या मिळवल्या. १९६५ मध्ये कल्याणजवळ त्या ३२ तबकड्यांची रांग पुन्हा उभी राहिली. २४ पूर्व-पश्चिम, ८ दक्षिण-उत्तर. ऑस्ट्रेलियाच्या जलाशयाकाठी सूर्य पाहिलेल्या तबकड्या दहा वर्षांनी महाराष्ट्रात सूर्य पाहू लागल्या.

पुढचा टप्पा उटीचा. १९६३ मध्येच ‘नेचर’मध्ये एक शोध प्रसिद्ध झाला होता. चंद्र एखाद्या रेडिओ स्रोतासमोरून जाताना तो स्रोत नेमका कधी झाकला जातो हे मोजले, तर त्याची जागा आणि आकार फार अचूक कळतो. या पद्धतीने पहिला क्वेसार ओळखता आला होता. स्वरूप यांना वाटले, मोठी दुर्बीण असेल तर असे शेकडो क्षीण स्रोत मोजता येतील. पण चंद्राच्या मागे तासन्‌तास फिरू शकणारी मोठी दुर्बीण परवडणार कशी?

त्यांचे उत्तर भूगोलात होते. उटीचे अक्षांश सुमारे ११ अंश. तेथे तेवढ्याच उताराची, उत्तर-दक्षिण पसरलेली टेकडी शोधायची आणि तिच्या उतारावर ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद असा अन्वस्ताकार पन्हाळीसारखा परावर्तक ठेवायचा. टेकडीच्या उतारामुळे त्याचा आस आपोआप पृथ्वीच्या आसाला समांतर होतो. मग तो एकाच आसाभोवती फिरवला की आकाशातला स्रोत तासन्‌तास नजरेत राहतो. जे काम इतरत्र महागडी यंत्रणा करते, ते येथे टेकडीने केले. भाभांनी कल्पना उचलून धरली. जानेवारी १९६६ मध्ये विमान अपघातात त्यांचा मृत्यू झाला. दुर्बीण १९७० च्या आरंभी सुरू झाली. आराखडाही भारतीय, बांधणीही भारतीय.

उटीच्या निरीक्षणांनी एक नाजूक प्रश्न उभा केला. विश्व सर्व काळ सारखेच राहिले आहे, असे मांडणारा स्थिर स्थिती सिद्धान्त फ्रेड हॉइल, बाँडी आणि गोल्ड यांनी १९४८ मध्ये मांडला होता. हॉइल यांचे शिष्य आणि सहकारी जयंत नारळीकर १९७२ मध्ये केंब्रिजहून परतले ते याच टाटा संस्थेत. आणि १९७५ मध्ये स्वरूप व कपाही यांनी उटीच्या मोजमापांवरून दाखवले की दूरचे, म्हणजे जुन्या काळातले रेडिओ स्रोत आजच्या स्रोतांसारखे नाहीत. विश्व काळानुसार बदलत आले आहे. निष्कर्ष सहकाऱ्याच्या मताविरुद्ध जात होता. तो मांडायला स्वरूप कचरले नाहीत, आणि नारळीकरांनीही आपली बाजू सोडली नाही. पुढे पुणे विद्यापीठाच्या आवारात नारळीकरांची ‘आयुका’ आणि स्वरूप यांचे राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्र शेजारी शेजारी उभे राहिले. मतभेद आणि शेजार असे एकत्र नांदलेले मराठी मुलखात फार वेळा दिसत नाही.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस विषुववृत्तावर आणखी मोठी दुर्बीण बांधण्याची योजना स्वरूप यांनी आखली होती. ती फळाला आली नाही. १९८४ मध्ये त्यांनी नवा विचार सुरू केला : मीटरभर लांबीच्या रेडिओ लहरींसाठी जगातली सर्वांत मोठी दुर्बीण. या लहरींकडे पाश्चात्त्य देशांनी बरेच दुर्लक्ष केले होते, कारण त्यांच्या शहरांत याच लहरींवर रेडिओ-दूरचित्रवाणीचा गोंगाट होता. भारतात तो तुलनेने कमी होता. आपले मागासलेपण येथे उपयोगी पडले, असे म्हणायला हरकत नाही.

जागा म्हणून खोडद निवडले गेले. भोवती डोंगर, वस्ती विरळ, पुणे जवळ. तीस अँटेना ठरल्या : चौदा मध्यभागी, सोळा इंग्रजी ‘वाय’ अक्षराच्या तीन भुजांवर, सुमारे २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. अमेरिकेतल्या प्रसिद्ध दुर्बीण-समूहात २५ मीटरच्या २७ तबकड्या आहेत. क्षेत्रफळाने खोडद तिच्या तिपटीहून अधिक. इतके पोलाद आणि इतका पैसा कोठून आणायचा?

उत्तर पुन्हा काटकसरीतले. मीटरभर लांबीच्या लहरीला भरीव पत्र्याची गरज नसते. तिला बोटभर छिद्रांची जाळीही भिंतीसारखीच वाटते. म्हणून पत्र्याऐवजी पोलादी चौकटींवर ताणलेल्या तारांचे दोरखंड आणि त्यांवर बारीक स्टेनलेस तारेची जाळी. वारा जाळीतून निघून जातो, त्यामुळे वजन कमी, मोटारी लहान, पायाही हलका. प्रकल्पाला १९८७ मध्ये मंजुरी मिळाली.

स्वरूप निवृत्त झाल्यावर केंद्राची धुरा विजय कपाहींकडे आली. कल्याणच्या तबकड्या बसवताना ज्याचे बोट धरले तोच आता संस्था चालवत होता. पण १९९९ मध्ये कपाहींचे अकाली निधन झाले. ४ ऑक्टोबर २००१ रोजी रतन टाटांच्या हस्ते दुर्बीण जगभरच्या वैज्ञानिकांना अर्पण झाली तेव्हा पहिल्या दिवसापासून सोबत असलेला तो शिष्य समारंभात नव्हता.

स्वरूप मात्र थांबले नाहीत. पुणे विद्यापीठाचे माजी कुलगुरू आणि भौतिकशास्त्रज्ञ वि. गो. भिडे यांच्यासह त्यांनी बारावीनंतर थेट संशोधनाच्या वातावरणात पाच वर्षांचे शिक्षण देणाऱ्या संस्थेची कल्पना मांडली आणि तिचा वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. २००६ मध्ये पुणे आणि कोलकाता येथे ‘आयसर’ सुरू झाल्या त्यामागे या पाठपुराव्याचा वाटा होता. त्याच वर्षी त्यांनी पॉट्स हिल ते पुणे हा आपला प्रवास लेखरूपात लिहून ठेवला. रेडिओ खगोलशास्त्राच्या इतिहासावर ते अखेरपर्यंत लिहीत राहिले, आणि तबकड्या देणाऱ्या पॉसींचे नाव कधी विसरले नाहीत.

ऑक्टोबर २०१६ मध्ये युरोपचे ‘स्कियापारेल्ली’ यान मंगळावर उतरत असताना त्याचा क्षीण संदेश पृथ्वीवर टिपला तो खोडदने. गोविंद स्वरूप यांचे ७ सप्टेंबर २०२० रोजी पुण्यात निधन झाले, वयाच्या एक्क्याण्णवाव्या वर्षी. त्याच वर्षी विद्युत अभियंत्यांच्या जागतिक संघटनेने खोडदच्या दुर्बिणीला अभियांत्रिकीतील ऐतिहासिक टप्पा म्हणून मान्यता दिली. जून २०२३ मध्ये अतिदीर्घ गुरुत्वीय लहरींचे जे पुरावे जगभर एकाच वेळी जाहीर झाले, त्यांतील भारतीय गटाची निरीक्षणे याच तीस अँटेनांची होती. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी, खोडदला प्रदर्शन भरते आणि पुणे-नगर या दोन्ही जिल्ह्यांतल्या शाळांची मुले एस.टी.ने, ट्रॅक्सने तेथे येऊन त्या जाळीखाली उभी राहतात.