अंगणात भरलेली बालवाडी

वकिली सोडून शाळामास्तर झालेल्या गिजुभाई बधेकांनी १९२० साली भावनगरला दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर सुरू केले. मुलाच्या शिक्षणाच्या काळजीतून त्यांच्या हाती मारिया मॉन्टेसरींचे पुस्तक पडले होते. पुढे राजकोटच्या बार्टन अध्यापिका विद्यालयाचे प्राचार्यपद सोडून मुंबईच्या ताराबाई मोडक त्यांना येऊन मिळाल्या. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि लहान मुलाला धाकात बसवून घोकवण्यापेक्षा त्याच्या हाताला काम द्यावे, हा विचार गुजरातीबरोबर मराठी घरांतही पोचू लागला.

मॉन्टेसरी पद्धतीचा सारा भर साधनांवर. तिच्यातला गुलाबी मनोरा दहा ठोकळ्यांचा असतो. सर्वांत मोठ्या ठोकळ्याची बाजू १० सेंटिमीटर, सर्वांत लहानाची १. रचताना क्रम चुकला तर ते मुलाला डोळ्यांनी दिसते, बाईंनी ओरडावे लागत नाही. खाचांत बसवायच्या लाकडी दट्ट्यांची खुंटी तीन बोटांत धरावी लागते. पुढे पेन्सिल धरायला हीच तीन बोटे लागतात. खेळता खेळता हात तयार होतो, तो असा. पण ही साधने अचूक मापाची, पॉलिश केलेल्या लाकडाची आणि महाग होती. शहरातल्या बालमंदिरांना ती परवडली. खेड्यातल्या मुलांचे काय?

१९४५ मध्ये ताराबाई तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या, तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती. त्याच वर्षी बोरिवलीच्या शिबिरात भेटलेल्या अनुताई वाघ त्यांच्यासोबत आल्या. अनुताई बालविधवा, लग्न तेराव्या वर्षी झाले आणि काही महिन्यांतच वैधव्य आले. पुढे त्या शिकल्या, शिक्षिका झाल्या. बोर्डीच्या आसपास वारल्यांचे पाडे होते, आणि जमीनदारांच्या वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा उठावही याच वर्षी पेटला.

बोर्डीत बालवाडी सुरू झाली, पण गरीब वस्त्यांतली मुले तिकडे फिरकेनात. आईबाप पोटामागे, थोरले भावंड धाकट्याला कडेवर घेऊन बसलेले. तेव्हा ताराबाईंनी बालवाडीच वस्तीत न्यायची ठरवली. कुणाच्या तरी अंगणात ती भरू लागली. आधी मुलांना आंघोळ घालायची, नखे कापायची, केस विंचरायचे, मग खेळ. अंगणवाडी म्हणतात ती हीच. पुढे गुरे राखणाऱ्या पोरांसाठी शिक्षक कुरणात गेले, आणि कुरणशाळा निघाली.

वस्तीत खेळायला होते काय? शंख-शिंपले, चिंचोके, खडे, पाने, काड्या, माती. लहान-मोठे शिंपले ओळीने लावले की मनोऱ्यातला चढता-उतरता क्रम समजतो. चिंचोके आणि खडे वेगळे करताना चिमूट घट्ट होते, नजर बारीक होते आणि मोजणीही येते. यात स्वस्ताईची तडजोड पाहणे अन्यायाचे ठरेल. मापात कापलेला ठोकळा चूक आपोआप दाखवतो. शिंपल्यांच्या ओळीतली चूक मुलाला दिसली की नाही, हे बाईंना शेजारी बसून पाहावे लागते. ताराबाई-अनुताईंची पद्धत शिक्षिकेकडून जास्त मागत होती, आणि तिचे खरे मोल तिथेच आहे. पाड्यावरच्या मुलाने जे रोज हाताळले, तेच शिकण्याचे साहित्य झाले. परक्या वस्तूसमोर बुजून जाण्याची वेळ त्याच्यावर आली नाही.

१९५७ मध्ये हे काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडच्या टेकडीवर गेले. पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात नांदू लागल्या, कारण धाकट्याची सोय झाल्याशिवाय थोरली बहीण शाळेत येणार नव्हती. ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळाले. १९७३ मध्ये त्या गेल्या, आणि अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे अखेरपर्यंत, कोसबाड सोडले नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. तिच्या केंद्रांना अंगणवाडी हेच नाव मिळाले. पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा, आहार व आरोग्य शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण अशा सहा सेवा तिथून द्यायच्या होत्या. भुकेल्या मुलाला आधी जेवण हवे, यात शंका नाही. बोर्डीतही आंघोळ खेळाच्या आधी होती. पण आहार वाटायचा, वजने घ्यायची आणि नोंदवह्या भरायच्या, यात सेविकेचा दिवस सरतो, आणि चिंचोके घेऊन मुलाशेजारी बसण्याचा वेळ सर्वांत आधी कापला जातो. बोर्डीच्या अंगणात ज्यासाठी दोन बाया बसल्या होत्या, तो वेळ हाच होता.