तळटीप : बॅकबे भरणी
सर जॉर्ज लॉइड मुंबईचे गव्हर्नर असताना 1920 साली स्थापन झालेल्या विकास खात्याने समुद्र हटवून 1145 एकर जमीन मिळविण्याची जी योजना आरंभिली, तिचाच ग्रंथकर्त्याने येथे ओझरता निर्देश केला आहे. बंदरातून उपसलेला गाळ सच्छिद्र भिंतीतून पुन्हा दर्यात जाई, आणि सरकारी खजिनाही त्याच वाटेने रिता होई. तथापि अंदाजपत्रक करणारे, मंजुरी देणारे व देखरेख ठेवणारे एकाच दरबारचे असल्यामुळे, वकील नरिमन यांनी कायदेकौन्सिलात हे प्रकरण चिकाटीने लावून धरीपर्यंत हिशेबाची खरी झडती झालीच नाही. 1926 साली चौकशीसाठी मिअर्स समिती बसली खरी, परंतु पैसा बुडाल्यानंतर! आठ खंडांपैकी मधले चार तेव्हा सोडून द्यावे लागले. — संपादक