चारशे एक सामने

इंग्लंडमधील फुटबॉलचा इतिहास बहुतांशी गोल करणाऱ्यांचा इतिहास म्हणूनच लिहिला गेला आहे. लिव्हरपूलच्या समोर, मर्सी नदीच्या पैलतीरी बर्कनहेड हे जहाजबांधणीचे गाव आहे. तेथील ट्रॅन्मिअर रोव्हर्स या लहानशा संघाचे नाव निघाले, की जाणकारांस दोन माणसे हटकून आठवतात. पुढे एव्हर्टनकडून १९२७-२८ च्या एका हंगामात लीगमध्ये ६० गोल करणारा डिक्सी डीन हा मूळचा याच संघाचा. आणि १९३५ च्या डिसेंबरात ओल्डहॅमविरुद्ध एकट्याने ९ गोल करणारा ‘बनी’ बेल हाही येथलाच. परंतु याच संघात याच आडनावाचा आणखी एक गडी होऊन गेला. त्याचे काम गोल होऊ न देण्याचे होते, म्हणूनच की काय, त्याची आठवण फारशी कोणी काढीत नाही. त्याचे नाव हॅरल्ड बेल.

बेल हा सेंटर-हाफ. हे नाव थोडे फसवे आहे. १९२५ पर्यंत ऑफसाइड होऊ नये म्हणून चेंडू पुढे दिला जाताना आघाडीच्या गड्यासमोर प्रतिपक्षाचे तीन खेळाडू असावे लागत. त्या वर्षी दोन पुरेसे ठरले. गोलांचा पाऊस पडू लागला, तेव्हा संघांनी मधल्या गड्यास मागे ओढून दोन बॅकांच्या मध्ये उभे केले. मैदानभर संचार करणारा हा खेळाडू आता केवळ तटबंदीचा झाला; नाव मात्र जुनेच राहिले.

महायुद्धानंतर लीगचे सामने १९४६ च्या ऑगस्टअखेर पुन्हा सुरू झाले. ट्रॅन्मिअर तेव्हा तिसऱ्या श्रेणीच्या उत्तर विभागात होता. या विभागातून दरसाल एकच संघ वर चढे. बाकीच्यांनी पुढच्या वर्षी त्याच चिखलात पुन्हा उतरावे! बेल पहिल्या सामन्यापासून उभा राहिला आणि नऊ हंगाम एकदाही बाहेर बसला नाही. विभागात प्रथम २२ संघ होते, म्हणून चार वर्षे ४२ सामने दरसाल. १९५० मध्ये २४ संघ झाले, म्हणून पुढील पाच वर्षे ४६. बेरीज ३९८ भरते. दहाव्या हंगामाचे पहिले तीन मिळवले, की ४०१.

या आकड्याचे मोल आजच्या वाचकास चटकन कळणार नाही. लीगमध्ये बदली खेळाडूची सोय १९६५ पर्यंत नव्हती. पाय लचकला तरी मैदान सोडणे म्हणजे संघास दहा जणांवर आणणे. पावसात भिजून जड झालेला चामडी चेंडू कपाळाने परतविणे हे तर सेंटर-हाफचे नित्यकर्मच. १९४७ चा हिवाळा इतका बर्फाळ होता, की तहकूब सामने उरकण्यासाठी हंगाम जूनपर्यंत लांबला. बेलने तोही पुरा केला.

यास निष्ठा म्हणावे काय? म्हणावेसे वाटते, पण त्या काळचे नियम डोळ्यांआड करून चालणार नाही. खेळाडूच्या वेतनास लीगभर कमाल मर्यादा होती. ती १९६१ मध्ये उठली. शिवाय करार संपला तरी जुना संघ त्यास अडकवून ठेवू शके; ती बेडी १९६३ मधील न्यायालयीन निकालाने ढिली झाली. मुक्कामास राहणे हा सद्गुण होता, तसा थोडासा नाइलाजही होता. मात्र दर शनिवारी खेळण्याच्या लायकीचे राहणे हे कोणत्याही नियमाने घडवून आणता येत नाही. ते श्रेय निखळ बेलचे.

३० ऑगस्ट १९५५ रोजी संघाच्या यादीत त्याचे नाव नव्हते. साखळी तुटली, खेळ तुटला नाही. त्यानंतरही तो ट्रॅन्मिअरकडून लीगमध्ये १९४ सामने खेळला, एकूण ५९५. दरम्यान १९५८ मध्ये उत्तर-दक्षिण विभाग मोडून त्यांतील वरचे अर्धे संघ तिसऱ्या श्रेणीत आणि खालचे अर्धे नव्या चौथ्या श्रेणीत घालण्यात आले. त्या निर्णायक हंगामात चोविसांत ट्रॅन्मिअरचा क्रमांक अकरावा लागला.