भुयारातली रेंज : वाट कोणाची, खर्च कोणाचा?

मागच्या वेळी आपण तारयंत्रापर्यंत येऊन थांबलो होतो. आज तिथून थेट जमिनीखाली उतरायचं आहे. विषय साधा वाटेल, भुयारी मेट्रोत फोनला रेंज का नसते? पण या साध्या प्रश्नात या शहराचा दीडशे वर्षांचा इतिहास दडलेला आहे, असं आम्हाला वाटतं.

सुरुवात आमच्या एका प्रसंगापासून करतो. ९ ऑक्टोबर २०२५ रोजी कुलाबा-वांद्रे-सीप्झ या भुयारी मेट्रोचा शेवटचा टप्पा प्रवाशांसाठी खुला झाला. म्हणजे कफ परेडपासून आरेपर्यंत साडेतेहतीस किलोमीटर आणि २७ स्थानकं, त्यातलं आरे सोडलं तर बाकीची सगळी जमिनीखाली. त्यानंतर काही दिवसांनी आम्ही गिरगावहून दादरला निघालो. जुना मित्र परळच्या एका रुग्णालयात होता, त्याला भेटायला. वीसेक मिनिटांचा प्रवास, थंडगार डबा, आम्ही खूश. आचार्य अत्रे चौक मागे पडला तेव्हा समोरच्या मुलीचा फोन वाजला आणि ती बोलूही लागली. आमचा फोन मात्र गप्प. दादरला जिने चढून वर आलो, टॅक्सी करून परळला पोहोचलो, तर खाट रिकामी. मित्राला मधल्या वेळात दुसऱ्या रुग्णालयात हलवलं होतं. फोन पाहिला तर त्याच्या मुलाचे सात मिस्ड कॉल आणि एक संदेश, ‘काका, इकडे येऊ नका, तिकडे या.’ आम्ही तिकडे गेलो तोवर मित्राला आत नेलं होतं. पुढे तो बरा झाला, पण त्या दिवशी आत जाण्याआधी त्याला आमच्याशी दोन शब्द बोलायचे होते, ते राहिलेच.

आता यात दोष कोणाचा, हा मुद्दा नाही. एकाच डब्यात समोरच्या मुलीला रेंज आणि आम्हाला नाही, हे कसं होतं, हा मुद्दा आहे.

आधी थोडं विज्ञान. मोबाइलच्या लहरी हवेतून छान जातात, पण ओल्या मातीतून, खडकातून आणि लोखंडी सळ्यांच्या काँक्रीटमधून त्यांचा जीव जातो. मुंबईच्या पोटात बेसाल्ट आहे, त्यातून १७ यंत्रांनी ही भुयारं कोरली. वरच्या टॉवरचा आवाज तिथे पोहोचणं शक्यच नाही. म्हणून आवाज आत न्यावा लागतो. स्थानकात छतावर छोटे अँटेना बसवतात आणि बोगद्यात भिंतीलगत एक खास केबल टाकतात. तिच्या आवरणाला ठरावीक अंतरावर फटी असतात आणि त्यांतून लहरी थोड्या थोड्या बाहेर झिरपतात. बागेत भोकं पाडलेली नळी टाकतो ना, तसं. पाणी टाकीतून येतं, पण प्रत्येक रोपाला आपापल्या जागी मिळतं. हे तंत्र काही नवं नाही. न्यूयॉर्कच्या भुयारी स्थानकांत २०१७ च्या जानेवारीपर्यंत सगळीकडे मोबाइल पोहोचला. लंडनमध्ये २०१२ साली स्थानकांत वायफाय आलं आणि २०२० च्या मार्चमध्ये ज्युबिली मार्गाच्या पूर्व भागात बोगद्यातही फोन लागू लागला. जगातली सगळ्यात जुनी भुयारी रेल्वे १८६३ ची, आणि तिथेही बोगद्यात बोलायला इतकी वर्षं लागली. म्हणजे अडचण तंत्राची कमी आणि व्यवस्थेची जास्त.

व्यवस्था म्हणजे काय, ते समजायला आम्ही तुम्हाला साठच्या दशकातल्या गिरगावात नेतो. आमच्या चाळीत टेलिफोन एकच होता, तळमजल्यावरच्या दुकानदाराकडे. मुंबईत टेलिफोन एक्स्चेंज १८८२ साली सुरू झालं, पण ऐंशी वर्षांनंतरही सामान्य माणसाला फोन म्हणजे वर्षानुवर्षांची प्रतीक्षा यादी. मग लग्नपत्रिकेवर, अर्जावर तो दुकानाचा नंबर छापायचा आणि पुढे कंसात ‘पी. पी.’ लिहायचं. फोन आला की खालून हाक यायची, ‘तिसरा मजला, तुमचा फोन!’ अख्खी चाळ गॅलरीत. बोलणं झालं की डब्यात नाणं टाकायचं. कधी कोणाकडे सुटं नसलं, तर वहीत मांडून ठेवायचं. दवाखान्याचा किंवा मयताचा फोन असेल तर दुकानदार पैसे घेत नसे. हा नियम कोणी लिहिला नव्हता, पण सगळ्यांना ठाऊक होता.

लालबाग-परळला तर त्याहून जुनं माध्यम होतं, गिरणीचा भोंगा. घड्याळ नसलेल्या खोलीतही भोंगा ऐकू यायचा. तो गिरणी मालकाचा, पण वेळ त्यावरून सगळ्यांची चालायची. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि हळूहळू भोंगेच बंद पडले, तेव्हा गिरणगावातल्या लोकांचं दिवसाचं गणितही बिघडलं. सांगायचं काय, की संपर्काचं साधन एकाच्या मालकीचं असलं तरी त्यावर जगणारे अनेक असतात. तिथेच प्रश्न येतो, वाट कोणाची आणि खर्च कोणाचा?

हा प्रश्न कायद्याला १८८५ सालीच पडला होता. त्या वर्षीच्या तारयंत्र कायद्यात सरकारला कोणाच्याही जमिनीवरून किंवा जमिनीखालून तारा न्यायचा अधिकार दिला गेला. पण त्याला मर्यादा घातल्या. जमिनीची मालकी मिळणार नाही, फक्त वापर मिळेल. नुकसान शक्य तितकं कमी करायचं आणि झालं तर भरपाई द्यायची. जागा स्थानिक संस्थेची असेल तर तिची परवानगी घ्यायची. बघा, साहेबाच्या राज्यातला कायदा, पण तत्त्व विचार करण्याजोगं आहे. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याने तोच धागा पुढे नेला. सार्वजनिक संस्थेने वाट देताना भेदभाव करू नये आणि शक्यतो ती एकट्यालाच देऊ नये, असं त्यात म्हटलं आहे.

आता भुयारात या. मेट्रो महामंडळाची भूमिका अशी, की बोगदा आमचा, सुरक्षा आमची, प्रत्येक कंपनीला वेगळी केबल टाकू दिली तर गोंधळ होईल. म्हणून एकाच तटस्थ कंत्राटदाराने यंत्रणा उभी करावी आणि सगळ्यांनी भाडं भरून ती वापरावी. मोठ्या दूरसंचार कंपन्यांचं म्हणणं असं, की हे भाडं फार आहे, आम्ही आपल्या खर्चाने एक सामायिक यंत्रणा टाकायला तयार आहोत, आम्हाला वाट द्या. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. एका कंपनीने भाड्याचा मार्ग पत्करला, म्हणून त्या मुलीचा फोन वाजला. बाकीच्यांचे ग्राहक गप्प बसले.

मजा अशी, की दोन्ही बाजूंना यंत्रणा एकच हवी आहे. भांडण फक्त डबा कोणाच्या हातात, एवढंच. आमच्या चाळीने हे भांडण सोडवलं होतं. फोन दुकानदाराचा, पण नाण्याचा दर सगळ्यांनी मिळून ठरवलेला. आणि तातडीच्या फोनाला दर नाही.

या शेवटच्या वाक्यावर आम्हाला जोर द्यायचा आहे. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकात १८ नोव्हेंबर १९८७ रोजी आग लागली आणि ३१ माणसं गेली. चौकशी अहवालाने सांगितलं, की बचावपथकांचे रेडिओ जमिनीखाली चाललेच पाहिजेत. ७ जुलै २००५ रोजी त्याच शहरात भुयारी गाड्यांत बॉम्बस्फोट झाले, तेव्हाही ते काम पुरं झालेलं नव्हतं. अठरा वर्षं! पुढल्याच वर्षी, ११ जुलै २००६ ला, आपल्या पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये माटुंगा रोडपासून मीरा रोडपर्यंत स्फोट झाले. ते रूळ जमिनीवर होते, रेंज होती, पण एकाच वेळी सगळ्यांनी फोन लावल्याने जाळं कोलमडलं. २६ जुलै २००५ च्या पुरातही हेच. त्या दोन्ही संध्याकाळी घरी परत न आलेल्या माणसाची वाट बघणं काय असतं, ते दादर-परळच्या घराघरांत विचारा. रेंज असणं वेगळं आणि ती संकटात टिकणं वेगळं, हे आपण तेव्हा शिकलो. भुयारात तर दोन्हींची गरज आहे.

काही श्रोते म्हणतील, ‘सर, वीस मिनिटं फोन नाही, तर बिघडलं काय? शांतता मिळते.’ आम्हालाही ती आवडते. पण इथे तत्त्वज्ञानाचा एक भेद करायला हवा. आम्ही फोन बंद केला तर ते मौन. फोन लागतच नाही, तर ती मुकेपणाची सक्ती. मौन निवडता येतं, मुकेपण लादलं जातं. आता २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने अनुराधा भसीन खटल्यात म्हटलं, की इंटरनेटवरून व्यक्त होण्याच्या स्वातंत्र्याला घटनेचं संरक्षण आहे. याचा अर्थ सरकारने ते मनाला येईल तसं तोडू नये. पण बोगद्यात ते आणून द्यावं, असं त्यात म्हटलेलं नाही. न तोडणं आणि जोडून देणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली कोर्टात मागता येते. दुसरी मात्र नागरिकांनी, महामंडळाने आणि कंपन्यांनी बसून ठरवावी लागते.

मग आमचं म्हणणं काय? भुयारातल्या संपर्काचे दोन थर करावेत. ११२ चा फोन, बचावपथकाचा रेडिओ, घोषणा, हा पहिला थर. तो तिकिटाच्या पैशात धरलेलाच असावा, जसे दिवे आणि पंखे असतात. त्याच्या भाड्यावर घासाघीस नको. गाणी, चित्रफिती, व्हॉट्सअ‍ॅप हा दुसरा थर. त्याचा दर खुशाल भांडून ठरवा, पण दर आणि करार लोकांसमोर ठेवा. चाळीतली वही कोणीही उघडून बघू शकत होतं.

या मार्गावरच्या एका स्थानकाला जगन्नाथ शंकरशेट यांचं नाव आहे. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली, त्या रेल्वेच्या उभारणीत हा गिरगावकर पुढे होता. आता त्याच गिरगावाच्या पोटातून गाडी धावते, आणि तिच्यासाठी गिरगाव-काळबादेवीच्या कित्येक कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्यांची घरं सोडली आहेत. वाट त्यांनी दिली. त्या वाटेवरून जाणाऱ्याला निदान घरच्यांची हाक ऐकू यावी, एवढी अपेक्षा जास्त नाही.

आमचा मित्र आता हिंडूफिरू लागला आहे. परवा आम्ही दोघं मेट्रोने गेलो. त्याने बसल्या बसल्या फोन खिशात टाकला आणि म्हणाला, ‘आता बोल, काय बोलायचं ते.’ आम्ही दादरपर्यंत बोलत राहिलो. पुढच्या वेळी पेजर आणि एस.टी.डी. बूथ.