क्रमवारीतील यश आणि ध्वनिमुद्रणांची मालकी : मेम्फिस व डेट्रॉइट येथील सोल संगीताचा तौलनिक अभ्यास (१९५७ ते १९७६)

प्रस्तावना

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाने जगाला जे संगीत दिले, त्यात सोल संगीताचे स्थान महत्त्वाचे आहे. चर्चमधील सामूहिक भक्तिगायन आणि ऱ्हिदम अँड ब्लूज ही लौकिक संगीतशैली यांच्या संयोगातून १९५०च्या दशकात हा प्रकार आकाराला आला. १९६०च्या दशकात मेम्फिसमधील स्टॅक्स आणि डेट्रॉइटमधील मोटाउन या दोन संस्थांनी त्याला देशव्यापी बाजारपेठ मिळवून दिली. या संगीताचा इतिहास लिहिताना 'बिलबोर्ड' या व्यापारविषयक साप्ताहिकाच्या क्रमवारीचा आधार प्रामुख्याने घेतला जातो. कोणते गीत कितव्या क्रमांकावर पोहोचले, ही माहिती सहज उपलब्ध असल्याने तीच यशाची कसोटी मानली जाते. तथापि, क्रमवारीत अग्रस्थानी पोहोचलेल्या गीताचे उत्पन्न कोणाकडे गेले व त्या ध्वनिमुद्रणाचा मालक कोण राहिला, हे प्रश्न तिच्यातून सुटत नाहीत. प्रस्तुत निबंधात स्टॅक्स या संस्थेचा इतिहास मध्यवर्ती ठेवून व मोटाउनशी त्याची तुलना करून या प्रश्नांचा विचार केला आहे.

क्रमवारी : एक ऐतिहासिक साधन

बिलबोर्डने कृष्णवर्णीयांच्या संगीताची स्वतंत्र नोंद १९४२ पासून सुरू केली. पुढे काही वर्षे या नोंदीच्या शीर्षकात 'रेस' म्हणजे वंश हा शब्द होता. १९४९ मध्ये त्याऐवजी 'ऱ्हिदम अँड ब्लूज' हे नाव स्वीकारण्यात आले आणि १९६९ मध्ये 'सोल' हे नाव देण्यात आले. सर्व प्रकारच्या गीतांसाठी 'हॉट १००' ही सामायिक क्रमवारी १९५८ मध्ये सुरू झाली. म्हणजे कृष्णवर्णीय कलावंताच्या यशाचे मोजमाप दोन ठिकाणी होत असे : स्वतःच्या समाजाच्या बाजारपेठेत आणि संपूर्ण देशाच्या बाजारपेठेत.

या साधनाच्या मर्यादाही लक्षात घेणे आवश्यक आहे. नोव्हेंबर १९६३ ते जानेवारी १९६५ या काळात बिलबोर्डने ऱ्हिदम अँड ब्लूजची स्वतंत्र क्रमवारी प्रसिद्धच केली नाही. त्यामुळे जी गीते मुख्यतः कृष्णवर्णीय श्रोत्यांमध्ये लोकप्रिय होती, त्यांच्या त्या काळातील यशाचा माग केवळ या साप्ताहिकावरून लागत नाही. क्रमवारी ही विशिष्ट आठवड्यातील खपाची व प्रसारणाची नोंद असते. तिला संपूर्ण सांस्कृतिक इतिहास मानता येत नाही.

स्टॅक्सची स्थापना व जडणघडण

जिम स्ट्युअर्ट हे मेम्फिसमधील एका बँकेत नोकरी करणारे व फिडल वाजवणारे श्वेतवर्णीय गृहस्थ. त्यांनी १९५७ मध्ये सॅटेलाइट या नावाने ध्वनिमुद्रण व्यवसाय सुरू केला. त्यांची बहीण एस्टेल ॲक्स्टन यांनी ध्वनिमुद्रण यंत्र घेण्यासाठी स्वतःचे घर गहाण ठेवले. १९६० मध्ये या भावंडांनी ईस्ट मॅकलमोर मार्गावरील बंद पडलेले कॅपिटल चित्रपटगृह भाड्याने घेतले. प्रेक्षागृहाची उतरती जमीन तशीच ठेवून तेथे स्टुडिओ उभारण्यात आला आणि लगतच्या जागेत एस्टेल ॲक्स्टन यांनी रेकॉर्डचे दुकान थाटले. दुकानात येणारी परिसरातील कृष्णवर्णीय मुले काय ऐकतात, काय विकत घेतात, याचे निरीक्षण करून स्टुडिओतील कामाची दिशा ठरू लागली. दुसऱ्या एका कंपनीचे नाव सॅटेलाइट असल्याचे समजल्यावर १९६१ मध्ये भावंडांच्या आडनावांची आद्याक्षरे जोडून 'स्टॅक्स' हे नाव घेण्यात आले.

त्या काळी मेम्फिसमध्ये वर्णभेद दैनंदिन जीवनाचा भाग होता. अशा शहरात स्टॅक्सच्या स्टुडिओत कृष्णवर्णीय व श्वेतवर्णीय वादक एकत्र काम करीत होते, ही बाब उल्लेखनीय होय. बुकर टी. जोन्स यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या 'बुकर टी. अँड द एमजीज' या वाद्यवृंदाचे 'ग्रीन अनियन्स' हे गायनविरहित वादन १९६२ मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूज क्रमवारीत पहिल्या आणि हॉट १०० मध्ये तिसऱ्या स्थानी पोहोचले. याच वाद्यवृंदाने पुढे संस्थेच्या बहुसंख्य गायकांना साथ केली.

आयझॅक हेझ आणि डेव्हिड पोर्टर या जोडीने गीतलेखन, संगीतरचना व निर्मिती या तिन्ही जबाबदाऱ्या सांभाळल्या. सॅम अँड डेव्ह या गायकद्वयासाठी त्यांनी रचलेले 'सोल मॅन' हे गीत १९६७ मध्ये ऱ्हिदम अँड ब्लूज क्रमवारीत पहिले, तर हॉट १०० मध्ये दुसरे आले.

गीतकार, गायक आणि उत्पन्न

ओटिस रेडिंग हे स्टॅक्सचे सर्वांत प्रभावी गायक. त्यांनी स्वतः लिहिलेले व गायिलेले 'रिस्पेक्ट' हे गीत १९६५ मध्ये हॉट १०० मध्ये पस्तिसाव्या क्रमांकापर्यंतच गेले. १९६७ मध्ये ॲटलांटिक कंपनीसाठी अरीथा फ्रँकलिन यांनी हेच गीत गायिले आणि ते दोन्ही क्रमवारींत प्रथम स्थानी पोहोचले. नागरी हक्क चळवळीच्या व स्त्रियांच्या आत्मसन्मानाच्या संदर्भात आजही हे गीत फ्रँकलिन यांच्याच नावाने ओळखले जाते.

आर्थिकदृष्ट्या मात्र चित्र वेगळे होते. अमेरिकी कायद्यानुसार नभोवाणी केंद्राने गीत वाजवले तर त्याचा मोबदला गीतकार व प्रकाशक यांना मिळतो; गायकाला किंवा ध्वनिमुद्रणाच्या मालकाला मिळत नाही. त्यामुळे फ्रँकलिन यांचे ध्वनिमुद्रण नभोवाणीवर कितीही वेळा वाजले, तरी त्या वाजण्याचा मोबदला लेखक या नात्याने रेडिंग यांच्याकडे व त्यांच्या पश्चात वारसांकडे जात राहिला. क्रमवारीतील पहिला क्रमांक गायिकेचा, प्रसारणाचे उत्पन्न गीतकाराचे, अशी ही विभागणी होती.

१९६७-६८ : यशाच्या शिखरावरील आघात

१० डिसेंबर १९६७ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील मॅडिसनजवळ मोनोना सरोवरात विमान कोसळून ओटिस रेडिंग यांचा वयाच्या सव्विसाव्या वर्षी मृत्यू झाला. त्यांच्यासोबत 'बार-केज' या तरुण वाद्यवृंदातील चार वादकही दगावले. मृत्यूच्या काही दिवस आधी ध्वनिमुद्रित केलेले 'द डॉक ऑफ द बे' हे गीत जानेवारी १९६८ मध्ये प्रकाशित झाले व मार्चमध्ये हॉट १०० मध्ये पहिल्या स्थानी पोहोचले. कलावंताच्या निधनानंतर या क्रमवारीत प्रथम स्थान मिळालेले हे पहिलेच गीत होते आणि स्टॅक्सलाही हा मान प्रथमच मिळत होता.

परंतु याच सुमारास संस्थेला दुसऱ्या संकटाची जाणीव झाली. स्टॅक्सच्या रेकॉर्डचे देशभर वितरण न्यूयॉर्कची ॲटलांटिक कंपनी करीत असे. आरंभी हा व्यवहार परस्परविश्वासावर चालत होता. १९६५ मध्ये त्याचा लेखी करार झाला. १९६७ मध्ये ॲटलांटिक ही वॉर्नर ब्रदर्स-सेव्हन आर्ट्सला विकली गेली. स्ट्युअर्ट यांनी आपल्या मूळ ध्वनिफिती परत मागितल्या. तेव्हा, ॲटलांटिकने वितरित केलेल्या सर्व ध्वनिमुद्रणांची पूर्ण मालकी करारानुसार ॲटलांटिककडेच असल्याचे स्पष्ट झाले. स्ट्युअर्ट यांनी हे कलम बारकाईने न वाचताच स्वाक्षरी केली होती. आठ वर्षांची निर्मिती अशा रीतीने संस्थेच्या हातून गेली. क्रमवारीत अग्रस्थानी असलेले रेडिंग यांचे गीतही त्यातच होते. सॅम अँड डेव्ह यांचा मूळ करार ॲटलांटिकशीच असल्याने तेही संस्थेपासून दुरावले.

४ एप्रिल १९६८ रोजी मेम्फिसमधील लॉरेन मोटेल येथे डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली. सफाई कामगारांच्या संपाला पाठिंबा देण्यासाठी ते शहरात आले होते. हेच मोटेल स्टॅक्सच्या कलावंतांचे नेहमीचे भेटीचे ठिकाण होते. स्टीव्ह क्रॉपर व एडी फ्लॉइड यांनी 'नॉक ऑन वुड' हे गीत तेथेच रचले होते. या घटनेनंतर स्टुडिओतील वर्णनिरपेक्ष सहकार्यावरही ताण आला.

पुनरुत्थान आणि अस्त

१९६५ मध्ये संस्थेत आलेले ॲल बेल हे पूर्वी नभोवाणीवर निवेदक होते. मूळ ध्वनिफिती गेल्याने विकण्यासाठी जुना संग्रहच उरला नव्हता. त्यावर उपाय म्हणून बेल यांनी १९६९ मध्ये एकाच वेळी सत्तावीस अल्बम बाजारात आणण्याची योजना राबवली. त्यांपैकी आयझॅक हेझ यांच्या 'हॉट बटर्ड सोल' या अल्बमने सोल संगीतात दीर्घ रचनांचा पायंडा पाडला. हेझ यांचे 'शाफ्ट' चित्रपटाचे शीर्षकगीत १९७१ मध्ये हॉट १०० मध्ये पहिले आले. त्यासाठी १९७२ मध्ये त्यांना ऑस्कर मिळाले; सर्वोत्कृष्ट गीताचे ऑस्कर मिळवणारे ते पहिले आफ्रिकन-अमेरिकन ठरले. २० ऑगस्ट १९७२ रोजी लॉस एंजेलिसमध्ये संस्थेने आयोजित केलेल्या 'वॉटस्टॅक्स' या संगीत समारोहाला एक लाखाहून अधिक लोक उपस्थित होते. कोणालाही येता यावे म्हणून प्रवेशशुल्क केवळ एक डॉलर ठेवण्यात आले होते.

त्याच वर्षी सीबीएस कंपनीशी नवा वितरण करार झाला. १९७३ मध्ये तो घडवून आणणारे क्लाइव्ह डेव्हिस यांना सीबीएसमधून दूर करण्यात आले आणि संबंध बिघडत गेले. वितरणाची सूत्रे पुन्हा परक्या हाती असल्याने संस्थेची कोंडी झाली, कर्जाचा बोजा वाढला आणि डिसेंबर १९७५ मध्ये दिवाळखोरीच्या कारवाईने स्टॅक्सचे कामकाज थांबले. बेल यांच्यावर बँक-फसवणुकीचा खटला झाला. १९७६ मध्ये ते निर्दोष सुटले. हेझ यांनाही १९७६ मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागली व आपल्या गीतांच्या भावी रॉयल्टीवरचा हक्क त्यांनी गमावला.

मोटाउनशी तुलना

डेट्रॉइटमधील मोटर कारखान्यात काम केलेले बेरी गॉर्डी यांनी १९५९ मध्ये कुटुंबाच्या सामायिक निधीतून ८०० डॉलर उसने घेऊन मोटाउनचा पाया घातला. मूळ ध्वनिफिती त्यांनी स्वतःकडे ठेवल्या आणि गीतांचे हक्क 'जोबेट' या स्वतःच्याच प्रकाशन संस्थेत एकवटले. हॉलंड-डोझिअर-हॉलंड या निर्माता-गीतकार त्रयीच्या बळावर 'द सुप्रीम्स' या गायिकांच्या चमूने हॉट १०० मध्ये बारा वेळा प्रथम स्थान मिळवले. त्यांतील दहा गीते या त्रयीची होती.

१९८८ मध्ये गॉर्डी यांनी मोटाउन कंपनी ६ कोटी १० लाख डॉलरना विकली, पण जोबेट विकली नाही. १९९७ मध्ये तिचा केवळ अर्धा वाटा ईएमआय कंपनीला १३ कोटी २० लाख डॉलरना विकला गेला. गीतांच्या हक्कांचे दीर्घकालीन मूल्य या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

तथापि, मोटाउनचे प्रारूप सर्वांना न्याय देणारे होते असे म्हणता येत नाही. हॉलंड-डोझिअर-हॉलंड यांनी मोबदल्याच्या वादातून संस्था सोडली व प्रकरण न्यायालयात गेले. 'फंक ब्रदर्स' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वादकांची नावे तर १९७१ मध्ये मार्व्हिन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन' या अल्बमपर्यंत मोटाउनच्या वेष्टनांवर छापली जात नव्हती. मालकी कृष्णवर्णीय उद्योजकाच्या हाती आली, परंतु ती कलावंतापर्यंत पोहोचलीच असे नाही.

वारसा

स्टॅक्सची इमारत १९८९ मध्ये पाडण्यात आली. पुढे त्याच जागी मूळ चित्रपटगृहाच्या दर्शनी भागाची प्रतिकृती उभारून २००३ मध्ये संग्रहालय सुरू झाले. त्याआधी, २००० मध्ये, परिसरातील मुलांसाठी स्टॅक्स संगीत अकादमी स्थापन झाली होती. गीतकारांनी नमुन्यादाखल केलेल्या ध्वनिमुद्रणांचा संच २०२३ मध्ये प्रकाशित झाला व २०२४ मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट ऐतिहासिक अल्बमचे ग्रॅमी पारितोषिक मिळाले. क्रमवारीत ज्यांची नावे फारशी दिसत नाहीत, असे गीतकार त्यामुळे प्रथमच श्रोत्यांसमोर आले.

निष्कर्ष

१. क्रमवारी हे सोल संगीताच्या प्रसाराचे उपयुक्त साधन आहे. पण ती खपाची नोंद असल्याने मालकी, मोबदला व श्रेय यांबाबत मौन पाळते.

२. स्टॅक्सचे नुकसान कलात्मक अपयशामुळे झाले नाही. वितरणावरील परावलंबन आणि न वाचलेले करारातील कलम ही त्याची प्रमुख कारणे होत.

३. मोटाउनने हक्क जपल्याने आर्थिक स्थैर्य मिळवले. मात्र वादक व गीतकार यांच्या न्याय्य वाट्याचा प्रश्न तेथेही शिल्लक राहिला.

४. म्हणून सोल संगीताचा इतिहास लिहिताना क्रमवारीसोबत करारपत्रे, प्रकाशनहक्क आणि स्टुडिओतील वादकांची नोंद ही साधनेही तपासणे आवश्यक ठरते. ज्या परिसरातील मुलांच्या पसंतीवर स्टॅक्स उभी राहिली, त्याच परिसरातील मुले आज तिच्या जागेवर संगीत शिकतात. कोणत्याही क्रमवारीत नोंद नसलेला हा वारसाही इतिहासाच्या कक्षेत यावयास हवा.