शिफारस आणि ओंजळ : सीताराम केशव बोले यांच्या ठरावाचा प्रवास (१९२३–१९३७)

विधिमंडळाच्या कामकाजाकडे साहित्याच्या अभ्यासकाने सहसा वळून पाहिलेले नाही. ठराव, परिपत्रक, निवाडा ही प्रशासनाची सामग्री मानली जाते आणि तिचा विचार इतिहासकारांवर व कायदेपंडितांवर सोपविला जातो. परंतु ठराव हीही एक संहिता आहे. तिला कर्ता आहे, वाचक आहेत, आणि एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जाताना होणारी रूपांतरेही आहेत. मुंबई विधिमंडळाचे सभासद सीताराम केशव बोले यांनी १९२३ मध्ये मांडलेल्या ठरावाची अशी रूपांतरे तपासणे, हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

बोले (१८६९–१९६१) हे भंडारी समाजातील. ब्राह्मणेतर चळवळीशी त्यांची जवळीक होती. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या कामगार हितवर्धक सभेच्या प्रवर्तकांपैकी ते एक होत. विधिमंडळात येण्यापूर्वीच मुंबईच्या गिरणगावातील सार्वजनिक जीवनात त्यांचे स्थान निश्चित झालेले होते. भीमराव आंबेडकर हे १९०७ मध्ये मॅट्रिकची परीक्षा उत्तीर्ण झाले, त्या वेळी भरलेल्या अभिनंदनसभेचे अध्यक्षस्थान बोले यांनीच भूषविले होते. याच सभेत कृष्णराव अर्जुन केळूसकर यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्या विद्यार्थ्याला भेट दिले. पुढे विधिमंडळात बोले यांनी जे मांडले, त्याची पूर्वपीठिका अशा सभांमध्ये शोधावी लागते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई विधिमंडळाने बोले यांचा ठराव संमत केला. सार्वजनिक निधीतून बांधलेले वा चालविले जाणारे, तसेच सरकारने नेमलेल्या किंवा कायद्याने निर्माण झालेल्या संस्थांच्या ताब्यात असलेले पाणवठे, विहिरी व धर्मशाळा, त्याचप्रमाणे सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य वर्गास करू द्यावा, असा त्याचा आशय होता. येथे धर्माचा आधार घेतलेला नाही, दयेचे आवाहनही नाही. ज्याला सर्वांचा पैसा लागला ते सर्वांचे, एवढ्या एकाच सूत्रावर ठराव उभा आहे. पाण्याचा प्रश्न शुद्धाशुद्धतेच्या कक्षेतून काढून मालकी व व्यवस्थापन यांच्या कक्षेत नेणे, हे या ठरावाचे खरे सामर्थ्य होय.

त्याची दुर्बलता मात्र क्रियापदात होती. १९१९ च्या सुधारणा कायद्याखालील विधिमंडळाचा ठराव सरकारवर बंधनकारक नसे. विधिमंडळ केवळ ‘शिफारस’ करी. ११ सप्टेंबर १९२३ च्या आदेशाने सरकारने आपल्या खात्यांना, सरकारी मालकीच्या जागांपुरती, अंमलबजावणीची सूचना दिली. स्थानिक संस्थांबाबत मात्र, त्यांनी या गोष्टीच्या इष्टतेचा विचार करावा असा सल्ला द्यावा, एवढेच जिल्हाधिकाऱ्यांना सांगण्यात आले. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी ठराव केला. चवदार तळे अस्पृश्यांनी वापरण्यास आपली हरकत नाही, असा त्याचा अर्थ होता. विधिमंडळाची शिफारस, सरकारचा सल्ला आणि नगरपालिकेची ‘हरकत नाही’ ही भाषांतराची उतरती श्रेणी लक्षणीय आहे. प्रत्येक पायरीवर आशय तोच राहतो, पण तो अमलात आणण्याची जबाबदारी घेणारा कर्ता अधिकाधिक अस्पष्ट होत जातो. अखेरीस कोणीही कोणालाही अडवीत नाही असे कागदावर ठरते, आणि पाणी तसेच अस्पर्शित राहते.

बोले यांना ही उणीव जाणवली होती, असे त्यांच्या पुढील कृतीवरून म्हणता येते. ५ ऑगस्ट १९२६ रोजी त्यांनी दुसरा ठराव मांडला. ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे पहिल्या ठरावाची अंमलबजावणी करण्यास नकार देतील, त्यांना सरकारने अनुदान देऊ नये, अशी ती शिफारस होती व तीही संमत झाली. क्रियापद बदलता येत नाही, तेव्हा निदान त्याला आर्थिक परिणाम जोडावा, हा संसदीय चातुर्याचा भाग होता. तथापि सभागृहाची मर्यादा येथेच संपते.

उरलेले काम समाजाने केले. १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे परिषद भरली. रामचंद्र बाबाजी मोरे यांच्यासारखे तरुण तिच्या संघटनेत होते. अनंत विनायक चित्रे, सुरेंद्रनाथ टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे या स्पृश्य सहकाऱ्यांचाही सहभाग होता. २० मार्चला आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली प्रतिनिधींनी चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. आता जमाव वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा उठवून त्यांच्यावर हल्ला करण्यात आला. आंबेडकर हे त्याच वर्षी विधिमंडळाचे नियुक्त सभासद झाले होते. म्हणजे १९०७ च्या सभेचे अध्यक्ष आणि सत्कारमूर्ती हे आता एकाच सभागृहात होते, आणि एकाच्या शब्दाचा अर्थ दुसऱ्याने तळ्यावर जाऊन सिद्ध केला होता.

४ ऑगस्ट १९२७ रोजी, म्हणजे मूळ ठरावाला बरोबर चार वर्षे झाली त्या दिवशी, नगरपालिकेने आपला ठराव रद्द केला. डिसेंबरातील दुसऱ्या परिषदेपूर्वी दिवाणी दावा दाखल होऊन तात्पुरता मनाई हुकूम मिळविण्यात आला. दाव्याचा अंतिम निकाल उच्च न्यायालयाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. बहिष्काराची रूढी अनादि काळापासून चालत आल्याचे वादींना सिद्ध करता आले नाही, असे न्यायालयाने ठरविले. ठराव सार्वजनिकतेच्या तत्त्वावर उभा होता, निकाल रूढीच्या पुराव्याच्या अभावावर. दोहोंचे फलित एक असले तरी तर्क एक नव्हे.

या इतिहासाशेजारी त्रावणकोरचे उदाहरण ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल. वायकोम सत्याग्रह चालू असताना, फेब्रुवारी १९२५ मध्ये, मंदिरालगतचे रस्ते सर्वांस खुले करण्याचा एन. कुमारन यांचा ठराव तेथील विधिमंडळात २१ विरुद्ध २२ अशा एका मताने फेटाळला गेला. तरीही त्याच वर्षाच्या अखेरीस तडजोड होऊन बहुतेक रस्ते खुले झाले. मुंबईत ठराव जिंकला आणि तळे बंद राहिले. त्रावणकोरात ठराव हरला आणि रस्ते, अंशतः का होईना, उघडले. मात्र यावरून सभागृहातील शब्द निरर्थक असतो असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. महाडला जमलेल्यांना आपण अतिक्रमण करीत नसून मान्य झालेला हक्क बजावीत आहोत असे म्हणता आले, ते बोले यांच्या ठरावामुळे. लोकप्रतिनिधीच्या शब्दाचे मोल त्याच्या तात्काळ फलितावर ठरत नाही. इतरांना तो शब्द कृतीचा आधार म्हणून कितपत वापरता येतो, यावर ते ठरते.